चाकांवरचे बिऱ्हाड

बालरोगतज्ज्ञाच्या घरी सहलीचा बेत आखला जातो तो मोडण्यासाठीच, असे आमच्या सौ.चे अनुभवसिद्ध मत आहे. वाढलेल्या पानावरून उठणे, नाटकाचा तिसरा अंक न पाहताच घरी परतणे, हे सारे तिच्या अंगवळणी पडलेले. त्यामुळे सॉल्ट लेक सिटीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने २०२३ च्या सप्टेंबरात आठ दिवस 'आर. व्ही.' भाड्याने घेऊन यलोस्टोन पाहण्याचा बेत कळविला, तेव्हा इंदूरचा दवाखाना सहकारी मित्राच्या हवाली करून मी निघालो खरा. पण विमान सुटेपर्यंत सौ.चा त्यावर विश्वास बसला नाही.

आर. व्ही. म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. सोप्या मराठीत चाकांवरचे बिऱ्हाड. आमचे बिऱ्हाड पंचवीस फूट लांब होते. चालकाच्या डोक्यावर एक बिछाना, मागे दुसरा, मध्ये जेवणाचे मेज, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, आणि उभे राहण्यापुरते न्हाणीघर. एवढे धूड माझी मुलगी चालविणार, या कल्पनेने पहिले शंभर मैल माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबीत होता. "बाबा, इथे तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात," ती म्हणाली. नातेवाइकांनी कसे वागावे हे आयुष्यभर इतरांना सांगत आलो असल्याने मी निमूट बसलो.

या घराचे खरे यजमान म्हणजे त्याच्या टाक्या. स्वच्छ पाण्याची एक, सुमारे दीडशे लिटरची. स्वयंपाक-अंघोळीचे सांडपाणी साठविणारी दुसरी. तिला तिकडे 'करडी' म्हणतात. शौचालयाची तिसरी, ती 'काळी'. ठरावीक केंद्रावर जाऊन, हातमोजे घालून, जाड नळीने या रिकाम्या कराव्या लागतात. आधी काळी, मग करडी, म्हणजे सांडपाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम मी आपणहून पत्करले. तीस वर्षे रोज सकाळी "शी कितीदा झाली? रंग कसा होता?" असे विचारणाऱ्या माणसाला या विषयाची किळस ती काय असणार!

मुलीने पाण्याचा नियम घालून दिला : अंग ओले करा, नळ बंद, साबण लावा, मग पुन्हा नळ. सौ.ने हा नियम ऐकून घेतला आणि एक लहान बादली व प्लॅस्टिकचा मग विकत आणला. नर्मदेचे पाणी इंदूरला येण्यापूर्वीचे, सत्तरच्या दशकातले आमचे बालपण. पिंप, हंडे आणि अर्ध्या बादलीतली अंघोळ आम्हांला कोणी शिकवावी लागत नव्हती. चौथ्या दिवशी टाकीचा काटा पाहून मुलीने शॉवर सोडला आणि तीही बादलीवर आली.

यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. आम्ही मॅडिसन नदीकाठच्या तळावर मुक्काम केला. तेथे वीज-पाण्याची जोडणी नाही आणि रात्री जनरेटर लावण्यास मनाई. दिवे बॅटरीवर, शेगडी प्रोपेनवर. जागेची उंची सुमारे २,०७० मीटर. तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. सौ.ने इंदूरहून सामानात कोंबलेल्या लहान कुकरला मी नावे ठेवली होती. त्याच कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर वरण-भात पानात पडला तेव्हा मी शब्द मागे घेतले. रात्री तापमान शून्याखाली गेले. शेगडी पेटती ठेवून ऊब घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो जिवावर बेतू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून निजण्यापूर्वी त्याचा इशारा देणारी घंटी मी रोज तपासत असे. डॉक्टरकीचा तेवढाच उपयोग झाला.

दिवस बाहेर जात. 'ओल्ड फेथफुल'चे कारंजे साधारण दीड तासाने उसळते. तोवर बाकावर शेंगदाण्याचा लाडू खात बसायचे. १९८८ च्या वणव्यांनी उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग होरपळला होता. तेथील लॉजपोल पाइनची काही फळे राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या धगीने उघडून बी सांडतात. त्या बियांतून उगवलेली झाडे आता एका उंचीची, एकाच इयत्तेतल्या मुलांसारखी रांगेत उभी आहेत. हेडन व्हॅलीत गव्यासारख्या बायसनांच्या कळपाने रस्ता अडविला. त्यांच्यापासून २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहावे, असा नियम आहे. आम्ही वाहन रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लावले आणि खिडकीशी बसून आल्याचा चहा प्यालो. बाहेरून ते प्रचंड जीव सावकाश, लेकरांना मध्ये घेऊन चालले होते. घाई कोणालाच नव्हती, आम्हांलाही.

उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाइल चालत नाही. पहिल्या दोन रात्री माझा हात आपोआप उशाशी जाई. तिसऱ्या रात्री शेकोटीपाशी बसलो असता मुलीने ते बोलून दाखविले.

"बाबा, पचमढीची सहल आठवते?"

न आठवून कसे चालेल? २००४ साल, ती आठ वर्षांची. होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, चहासाठी थांबलो आणि फोन आला. माझ्याकडे दाखल असलेले नऊ दिवसांचे बाळ जंतुसंसर्गाने ढासळले होते. मी गाडी वळविली. मागच्या आसनावर ती इंदूरपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती.

"ते बाळ आता एकोणीस वर्षांचे असेल ना?"

मी काही वेळ गप्प राहिलो. "ते दुसऱ्या दिवशी पहाटे गेले," मी म्हणालो.

"मग आम्हांला का नाही सांगितलेत?"

"तुझी सहल उगाच मोडली, असे तुला वाटू नये म्हणून."

"आणि मी मात्र," ती निखाऱ्यांकडे पाहत म्हणाली, "ते बाळ वाचले, तेव्हा आपली सहल बुडाली तरी चालेल, अशी इतकी वर्षे मनाची समजूत घालत आले."

सौ.लाही हे ठाऊक नव्हते. नदीपलीकडच्या कुरणातून एल्क हरणाची शीळ घातल्यासारखी लांबलचक साद आली. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ. सौ. उठली, आत जाऊन शाल घेऊन आली आणि मुलीच्या खांद्यांवर घातली. त्या रात्री आम्ही तिघे उशिरापर्यंत बसलो. त्या बाळाची आई, तिचा चेहरा, मी तिला काय सांगितले, हे सारे मी प्रथमच घरच्या माणसांशी बोललो. दवाखान्यातले दुःख दवाखान्यातच ठेवावे, असे आपण व्यवसायात शिरताना शिकतो. घरी मात्र त्याची नुसती अनुपस्थिती पोचते, आणि मुले तिचा अर्थ आपापल्या परीने लावतात.

आठव्या दिवशी परतीच्या वाटेवर, वेस्ट यलोस्टोन गावात फोन जिवंत झाला आणि एकशे चाळीस निरोप कोसळले. सहकारी मित्राने सारे व्यवस्थित निभावले होते. थोडा अभिमान दुखावला, पण बरेही वाटले.

व्यावसायिक बंधुभगिनींनो, आर. व्ही. घ्या असे मी सुचवीत नाही. जबाबदारी योग्य हाती सोपवून काही दिवस खरोखर दूर जा, एवढेच सांगणे. पुढच्या हिवाळ्यात मुलगी इंदूरला आली, तेव्हा आम्ही तिघे पचमढीला जाऊन आलो. कुकर बरोबर नेला होता. वाटेत फोन दोनदा वाजला. एकदा घेतला.