रेघेकडून रोलरकडे

वासुदेव गायतोंडे यांचं चित्र समोरून पाहण्याआधी मी कडेला उभा राहतो. तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे दिसतात, सुरीनं खरवडलेली जागा दिसते, खालचा थर कुठून वर डोकावतोय ते कळतं. साठच्या दशकातली त्यांची चित्रं तर अशीच पाहावी लागतात. रंग लावला कसा आणि काढला कसा, हाच त्या चित्रांचा विषय आहे.

त्याआधीचे गायतोंडे रेघेचे चित्रकार होते. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका, लघुचित्रांचा अभ्यास, मग युरोपीय चित्रकार पॉल क्लेचं आकर्षण. रंगाच्या पट्ट्यांवर बारीक, नेमकी रेघ आणि तिच्यातून उभी राहणारी माणसं, पक्षी. पन्नासचं दशक सरता सरता हे सगळं गेलं. या बदलाचं श्रेय बहुतेक जण त्यांच्या चिंतनाला आणि झेनच्या ओढीला देतात. ते आहेच, पण माझ्या मते निम्मं श्रेय त्यांनी ब्रशऐवजी हाती घेतलेल्या रोलरचं. रोलर हातात आला की मनगटाची लकब संपते. तो रंग पसरतो, दाबतो, मागे फिरताना थोडा उचलूनही घेतो. त्याला नाक-डोळे काढता येत नाहीत. रेघ इतकी वश असलेल्या माणसानं ती बाजूला ठेवावी, हे धाडस मला फार मोठं वाटतं.

पुढचं काम सबुरीचं. तैलरंगाचा थर किती सुकू द्यायचा, सुरी केव्हा फिरवायची, याचा अंदाज चुकला की रंगांचा चिखल होतो. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, यात नवल नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आडव्या कॅनव्हासवर मधोमध एखादा पट्टा येतो आणि आपण लगेच समुद्र, क्षितिज म्हणून मोकळे होतो. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधला त्यांचा स्टुडिओ समुद्राजवळच होता, त्यामुळे तो मोह आणखी वाढतो. ते स्वतः मात्र आपल्या चित्रांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण न करणारी, म्हणत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. दशकाच्या अखेरीस कॅनव्हास उभा झाला आणि क्षितिजाला जागाच उरली नाही. नजर वर-खाली फिरू लागली. सत्तरच्या दशकात ते कागदाच्या कपट्यांनी रंग टिपून घेऊ लागले. त्यातून लिपीसारख्या खुणा उमटल्या, आणि त्या वाचण्याचा हट्ट सोडला की चित्र दिसायला लागतं.