चिमणी की झेब्रा?

लंडनमध्ये आमच्या हाताशी एकच दुपार उरली होती. मुलाला लॉर्ड्‌सचं क्रिकेट संग्रहालय पाहायचं होतं, मला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे कलासंग्रहालय.

लॉर्ड्‌सला पेंढा भरलेली एक चिमणी आहे. १९३६ साली केंब्रिज विद्यापीठाकडून खेळताना जहांगीर खान यांनी टाकलेल्या चेंडूने ती मेली. भारताच्या १९३२ च्या पहिल्या कसोटीत, याच मैदानावर, हेच जहांगीर खेळले होते. कलासंग्रहालयाकडे आहे तो बादशहा जहांगीरच्या पदरच्या मन्सूरने १६२१ मध्ये रंगवलेला झेब्रा.

चिमणीचा किस्सा ठाऊक नसेल तर काचेमागे नुसता पेंढा दिसतो. झेब्र्याला किस्सा लागत नाही, डोळे पुरतात. तेव्हा आधी स्वतःला विचारावं: आपल्याला मनातली आठवण प्रत्यक्ष बघायची आहे, की काही नवं? शिवाय कागदावरची जुनी चित्रं उजेडाने फिकट होतात, म्हणून ती कायम मांडलेली नसतात. आधी चौकशी करून जावं.

आम्ही लॉर्ड्‌सला गेलो. एरवी माझ्याशी मोजकंच बोलणारा मुलगा त्या चिमणीपाशी अर्धा तास बोलत होता. झेब्रा राहिला तो राहिलाच. त्याची चुटपुट आहे, पण तक्रार नाही.