सॉकेटला ७७७ दिलं की झालं?

सर्व्हरवर रेडिस बसवलं, पीएचपीला त्याच्या सॉकेटचा पत्ता दिला आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, की कुणीतरी ठामपणे सांगतंच: सॉकेटला ७७७ दे, विषय संपला. हा सल्ला इतका तोंडपाठ झालाय की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. युनिक्स सॉकेट फाइलसारखं दिसतं, पण त्याच्या परमिशनचा अर्थ निराळा आहे. खात्री नसेल तर लिनक्स मॅन्युअलच्या सातव्या विभागातलं ‘युनिक्स’ हे पान उघडा. स्ट्रीम सॉकेटला जोडून घ्यायला त्यावर राइट परमिशन लागते, आणि ते ज्या फोल्डरात आहे त्याच्या परमिशनही पाळल्या जातात, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. सॉकेटवर ७५५ दिसतं तेव्हा ग्रुपला रीड आहे, एक्झिक्यूट आहे, मग घोडं अडतं कुठे? न दिसणाऱ्या ‘डब्ल्यू’पाशी. रेडिसच्या कॉन्फिगमध्ये परमिशन दिलीच नसेल तर नेहमीचा ०२२ उमास्क ग्रुपकडून नेमकं तेवढंच अक्षर काढून घेतो. आणि वरचं फोल्डर बंद असेल, तर सॉकेटवर ७७७ लिहिणं म्हणजे वाड्याच्या दिंडीला कुलूप ठेवून आतल्या खोलीचं दार सताड उघडणं.

बरं, चाललं समजा. किती दिवस? डेमन पुन्हा सुरू होताना जुनं सॉकेट पुसून नवं बनवतो, तेव्हा हाताने केलेला सीएचमॉड त्याच्याबरोबर जातो. परमिशन लिहायची ती कॉन्फिगमध्ये: रेडिसला ‘युनिक्ससॉकेटपर्म’, मेमकॅश्डला ‘-ए’ हा पर्याय, जो न दिल्यास ०७०० धरला जातो. म्हणजे मेमकॅश्ड लिहिणाऱ्यांनी दार बंद ठेवूनच दिलंय, उघडतो आपण.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: सर्व्हर आपला, त्यावर साइट एकच, येणार कोण? माणूस कशाला यायला हवा? प्रत्येक सेवा वेगळ्या युजरने चालवतात ती एकीला भोक पडलं तर दुसरी वाचावी म्हणून, आणि ७७७ ती भिंतच पाडतं. मेमकॅश्ड मुळात पासवर्ड विचारत नाही. रेडिसही आपण लावल्याशिवाय विचारत नाही. जो जोडला गेला तो सेशन वाचू शकतो, एका ‘फ्लशऑल’मध्ये सगळी कॅश रिकामी करू शकतो. आक्षेपात तथ्य एवढंच, की फोल्डरच ७५० असेल तर आतल्या ७७७ ने लिनक्सवर फारसं बिघडत नाही. पण मग राखण फोल्डर करतंय. ७७७ चं त्यात कर्तृत्व शून्य.

सरळ मार्ग फार लांबचा नाही. सॉकेटला ७७० (६६० सुद्धा पुरतं, एक्झिक्यूटला इथे काही काम नाही) आणि पीएचपी ज्या युजरने चालतं त्याला रेडिसच्या ग्रुपमध्ये घालणं. नेमकं कुठे अडतंय ते ‘नेमआय -एल’ दाखवतं: पूर्ण पत्ता द्या, वाटेतल्या प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन ओळीने समोर येतात.

बाकीचे समज किरकोळ. सॉकेट लावलं की पोर्ट आपोआप बंद होतो: मेमकॅश्डमध्ये हो, रेडिसमध्ये नाही, तिथे ‘पोर्ट ०’ लिहावं लागतं. १२७.०.०.१ वर ठेवलं की सुरक्षित: बाहेरच्यांपासून, त्याच मशीनवरच्या इतर युजरपासून नव्हे. सॉकेट ‘टीएमपी’त ठेवणं सोयीचं: सिस्टमडीचं ‘प्रायव्हेटटीएमपी’ चालू असेल तर प्रत्येक सेवेचं टीएमपी वेगळं, आणि मग ‘नो सच फाइल’ का येतंय म्हणून रात्र जाते. ग्रुपमध्ये नाव घातलं की लगेच लागू होतं, हा शेवटचा. चालू प्रोसेसला ग्रुप मिळतात ते ती सुरू होताना. ‘प्रॉक’मध्ये पीएचपीच्या वर्करच्या क्रमांकाखालची ‘स्टेटस’ फाइल उघडून ‘ग्रुप्स’ची ओळ पाहा; रेडिसच्या ग्रुपचा आकडा तिथे नसेल तर सॉकेटला हात लावू नका, पीएचपी रिस्टार्ट करा.