इमारतीच्या जागेवरील वृक्षयोजना कशी तपासावी

शहरालगतच्या पुष्कळ जमिनी हल्लीं बिनशेती होऊन तेथें इमारती उभ्या राहत आहेत. अशा जागीं बांधावरचे जुने आंबे, चिंचा व कडूनिंब बहुधा आड येतात. ते तोडण्याची परवानगी मागतांना अर्जदार एक नकाशा व नव्या लागवडीची यादी जोडतो. हे कागद दिसावयास सुबक असतात. परंतु त्यांतील झाडें जगतील काय, हें कसें पारखावें, याचा विचार येथें करूं.

नागरी भागांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रें) झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा-वृक्ष मानिलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. तोडीची जाहीर नोटीस निघते व लोकांच्या हरकती मागविल्या जातात. ही संधि शेजारच्या खातेदारांनीं दवडूं नये.

प्रथम नकाशा हातीं घेऊन जागेवर जावें. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, उंची व घेर यादीशीं ताडून पाहावा. घेर जमिनीपासून सुमारें साडेचार फुटांवर मोजावा. महसुली कामांत आम्हीं पाहिलें आहे कीं, ज्याची नोंद नाहीं त्यास वाली नाहीं. सुटलेलें झाड प्रथम नोंदवून घ्यावें.

दुसरें, तोड खरोखर अटळ आहे काय हें विचारावें. मुख्य इमारत हलत नसली तरी रस्ता, गाड्यांची जागा किंवा मैल्याची टाकी दहापांच फूट सरकूं शकते. जें झाड राखावयाचें, त्याच्या विस्ताराखालीं खोदाई, मुरुमाचा ढीग अगर सिमेंट कालविणें होऊं नये. काम सुरू होण्यापूर्वींच तेथें कुंपण घालावें. मुळें दडपलीं म्हणजे झाड लगेच मरत नाहीं. दोनतीन वर्षांनीं शेंड्याकडून वाळूं लागतें, आणि तोंवर ठेकेदार निघून गेलेला असतो.

तिसरें, हिशेब करावा. ६० वर्षांच्या एका आंब्याबद्दल ६० झाडें लावावयाचीं. मोठ्या जातीचीं झाडें २० फुटांवर लावलीं, तर २४,००० चौरस फूट, म्हणजे सुमारें २२ गुंठे जागा लागते. प्लॉटच २० गुंठ्यांचा असून निम्म्यावर इमारत असेल, तर तीं झाडें मावणार कोठें? अन्यत्र लावणार असल्यास गट क्रमांक व मालकाची लेखी संमति मागावी. भिंतीलगत दाटीनें लावलेल्या शोभेच्या अशोकांची रांग हा आंब्याचा मोबदला नव्हे.

चौथें, जाती पाहाव्या. गुलमोहर हा मादागास्करचा. तो लवकर वाढतो, पण वादळांत त्याच्या फांद्या मोडतात. त्यापेक्षां कडूनिंब, करंज, जांभूळ व चिंच बरीं. विजेच्या तारांखालीं कांचनासारखें लहान झाड घ्यावें. वड-पिंपळ पायापासून व विहिरीपासून दूर असावेत.

पांचवें, माती व पाणी. खोदाईंतील वरची फूटभर सुपीक माती विकूं न देतां लागवडीसाठीं राखून ठेवावयास लावावी. खड्डे तीन फूट लांब, रुंद व खोल असून त्यांत ती माती व कुजलेलें शेणखत भरावें. ६० रोपांस दर खेपेस २० लिटर धरल्यास १,२०० लिटर पाणी होतें. तें कोठून येणार, कोण घालणार, तीन उन्हाळे त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि मेलेल्या रोपाच्या जागीं दुसरें कोण लावणार, हें योजनेंत लिहिलेलें असलेंच पाहिजे. त्यावांचून यादी म्हणजे नुसता कागद होय.

आज लावलेल्या रोपाची सावली बहुधा आपल्या नातवांस मिळावयाची; म्हणून उभें झाड वांचविणें हेंच पहिलें काम. हरकत घेतांना मोघम तक्रार करूं नये. झाडाचा क्रमांक, उणीव व आपली मागणी हीं तीन कलमें स्पष्ट लिहावीं, मुदतींत अर्ज द्यावा, आणि पोंच घेतल्यावांचून परतूं नये.