यंत्र कोणाच्या हाती? : बडोद्यातील काही शैक्षणिक प्रयोग

माझी थोरली बहीण लग्नानंतर बडोद्यास गेली, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत त्या नगरीस जाण्याचा योग मला अधूनमधून येतो. दांडिया बाजाराच्या बाजूने हिंडताना कानावर अजूनही मराठी पडते. तिच्यात मध्येच एखादा गुजराती शब्द असा सहज येतो की आपल्या बेळगावच्या मराठीतील कानडी शब्दांची आठवण व्हावी. गेल्या खेपेस मात्र मी मनात एक खटका घेऊन गेलो होतो.

झाले होते असे. भूगोलाच्या तासाला मी प्रोजेक्टर वापरू लागलो. रात्र-रात्र जागून नकाशे, आलेख, रंगीत चित्रे तयार केली. वर्ग शांत बसे आणि मला वाटे, तास रंगतो आहे! एके दिवशी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने तासानंतर येऊन भीतभीत सांगितले, “सर, तुम्ही खडूने लिहीत होता तेव्हा आम्हाला विचार करायला वेळ मिळायचा. आता नुसते उतरवून घेतो, आणि तेही पुरे होत नाही.” मला उत्तर सुचले नाही. विद्यार्थिकेंद्री शिक्षणावर मी स्वतः दोन व्याख्याने दिली होती, हे त्या वेळी आठवले आणि अधिकच ओशाळलो.

हा प्रश्न डोक्यात असतानाच बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहिले. तेथील ग्रंथसंग्रहाच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा, वाचकाला पुस्तकाची पाठ वाचता यावी, यासाठी ही योजना. इमारत वाचकासाठी बांधायची म्हणजे काय, ते तेथे पायाखालीच समजते.

या ग्रंथालयामागची कथा आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीस दत्तक गेला. तोपर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. हेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला, मुलींसकट. परंतु शिकलेली मुले शाळा सुटल्यावर वाचणार काय? वाचायला काही नसेल तर आलेली अक्षरे चार वर्षांत पुसली जातात. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. बोर्डन तीनच वर्षे राहिले, पण तेवढ्यात संस्थानभर ग्रंथालयांची घडी बसली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन निघाले. खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. ही ग्रंथालये म्हणजे लाकडी पेट्या. पेटीत निवडक पुस्तके भरायची, ती गावी पाठवायची, वाचून झाली की परत आणून दुसरी द्यायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा.

विद्यार्थी मित्रहो, या पेटीला यंत्र म्हणावे की नाही? माझ्या मते म्हणावे. ती वाचकाकडे जाते, त्याच्याजवळ राहते, आणि कोणते पान किती वेळ उघडे ठेवायचे हे तोच ठरवतो.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे ग्रंथालयाची दृक्-शिक्षण शाखा. दूरदर्शन स्वप्नातही नव्हते त्या काळात या शाखेकडे चित्रपटयंत्रे होती, जादूचे कंदील होते आणि स्टिरिओस्कोपही होते. जादूचा कंदील म्हणजे आजच्या प्रोजेक्टरचा पणजोबा: काचेच्या पट्टीवरील चित्र दिव्यासमोर धरायचे, ते भिंगातून मोठे होऊन पडद्यावर पडते. शेकडो माणसे एकदम पाहू शकतात. वाचता न येणाऱ्या गावकऱ्यांसाठी ही केवढी सोय! स्टिरिओस्कोपची तऱ्हा निराळी. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावायची आणि दोन भिंगांतून पाहायची; डावा डोळा एक पाहतो, उजवा दुसरे, आणि मेंदू दोन्ही जुळवून खोली निर्माण करतो. डोंगर डोंगरासारखा उभा राहतो. पण हे एका वेळी एकालाच दिसते, आणि साधन त्याच्या हातात असते. कंदिलाची पट्टी कधी बदलायची ते दाखवणारा ठरवतो. स्टिरिओस्कोपातले चित्र कधी बदलायचे ते पाहणारा ठरवतो. माझ्या विद्यार्थिनीची तक्रार नेमकी हीच होती. मी वर्गात कंदील आणला होता आणि त्याला विद्यार्थिकेंद्री म्हणत होतो.

बडोद्यातच हा विचार पुढे शास्त्रीय पातळीवर गेला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. १९६० च्या दशकात तेथील शिक्षणशास्त्र विभाग प्रगत अध्ययनाचे केंद्र झाला आणि क्रमान्वित अध्ययनावर तेथे पुष्कळ संशोधन झाले. ही पद्धत बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पुढे आणली. धडा लहान लहान चौकटींत मोडायचा. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य प्रथम ...... दिशेला दिसतो.’ विद्यार्थ्याने रिकामी जागा भरायची, लगेच झाकलेले उत्तर उघडून ताडून पाहायचे आणि पुढच्या चौकटीकडे जायचे. कोणी वीस मिनिटांत संपवील, कोणी तासाभरात. मंद म्हणून कोणी हसणार नाही. नॉर्मन क्राउडर यांनी यात फाटे ठेवले: उत्तर चुकले तर दुसऱ्या पानावर जायचे, जेथे ते का चुकले हे समजावलेले असते. आजच्या मोबाईलवरील बहुतेक शैक्षणिक कार्यक्रमांचा सांगाडा हाच आहे, रंगरंगोटी तेवढी नवी! वेग विद्यार्थ्याच्या हाती आला, हा मोठाच लाभ. पण प्रश्न अजून पुस्तकाचाच राहिला. विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न पडला तर चौकटीत त्याला जागा नाही.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत पोचले, त्यांत आपल्या कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. अंतर जिंकले गेले खरे. परंतु वर्गाच्या दृष्टीने तो पुन्हा कंदीलच. “थांबा, कळले नाही,” असे उपग्रहाला कोण सांगणार?

येथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला आल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला नाव पडले कुरणशाळा. खडे, शिंपले, बिया हीच तेथील शैक्षणिक साधने. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता त्यांची शाळा तुटली, तेव्हा कर्नाटकात ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक वस्त्यावस्त्यांतून गेले आणि देवळांच्या ओसरीवर मुलांचे लहान गट बसवून शिकवू लागले. लाकडी पेटीचीच ही भावंडे.

भाषेचा मुद्दा आपल्या सीमाभागात टाळता येत नाही. १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन निघाले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तांत्रिक विद्याही मातृभाषेतून द्यावी. आज माझ्या वर्गातील निम्मी मुले मराठी माध्यमाची, काही कानडी माध्यमाची. पडद्यावर मात्र सारे इंग्रजी. मी स्वतःच ते तसे तयार केले होते.

बडोद्याहून परतल्यावर मी थोडा बदल केला. नकाशे छापून चौघांच्या गटात एक असे देतो. चित्रफीत असेल तर ती गटातील एकाच्या मोबाईलवर, हवी तेथे थांबवून ते पाहतात आणि प्रत्येक गटाने एक प्रश्न स्वतः काढायचा, मराठी, कानडी, जमेल त्या भाषेत. अडचणी आहेतच. बाके जमिनीस पक्की ठोकलेली असल्याने मुलांना उलटे वळून बसावे लागते, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातील सहकारी दारात येऊन पाहून जातात. गेल्या वर्षी दोन प्रकरणे राहून गेली, ती जादा तास घेऊन उरकली, आणि उरकताना मी पुन्हा खडखड व्याख्यानच दिले. पडदा सध्या बहुधा गुंडाळलेलाच असतो. एखाद्या गटाला आपला नकाशा सर्वांना दाखवायचा असला की ते येऊन मागतात, आणि मग प्रोजेक्टरची कळ त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी हातात असते.