विश्लेषण : धाराशिवच्या रेशीम कोषातून शस्त्रक्रियेचे साहित्य कसे बनते?

धाराशिवसह मराठवाड्यातील तुती उत्पादकांना कोष विकायला पूर्वी कर्नाटकातील रामनगर गाठावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाली. कोषाचा भाव ठरतो तो धाग्यावरून. मात्र त्यातील प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारा पदार्थही बनवता येतो. त्यामागे रेणूंची ‘स्वयंजुळणी’ आहे.

स्वयंजुळणी म्हणजे काय?

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन. साखळीचे काही भाग पाण्याला जवळ करतात, काही टाळतात. अनुकूल वातावरण मिळाले, की साखळ्या आपोआप एकमेकींशेजारी रचल्या जातात. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध एकेकटे दुबळे असतात, पण असंख्य असल्याने रचना भक्कम होते.

अळी हे कसे साधते?

अळीच्या ग्रंथीत रेशीम द्रवरूप असते. त्यातील फायब्रॉइन या प्रथिनात ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन ही लहान अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे साखळ्या घट्ट बिलगतात. धागा ओढला जाताना पाणी कमी होते, आम्लता वाढते, ताण पडतो आणि पाण्यात न विरघळणारा धागा तयार होतो.

प्रयोगशाळेत काय करतात?

कापलेले कोष सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळून सेरिसिन हा चिकट थर काढतात. उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवतात व नंतर क्षार वेगळा करतात. या प्रथिनाची पुन्हा जुळणी घडवली, की जेल किंवा सच्छिद्र स्पंज मिळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. अनुया निसळ यांनी यावर संशोधन केले. त्यातून ‘सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स’ ही कंपनी उभी राहिली. परदेशात १६ अमिनो आम्लांच्या कृत्रिम पेप्टाइडचे जेल रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाते.

शेतकऱ्याला फायदा किती?

फुटक्या किंवा दुहेरी कोषातून सलग धागा नीट निघत नाही, म्हणून त्याला भाव कमी मिळतो. प्रथिन विरघळवायचे असल्यास सलग धाग्याची गरज नसते. मात्र कोष स्वच्छ, रोगमुक्त आणि कोणत्या बॅचचा हे सांगता येणारा हवा. शिवाय वैद्यकीय वापरासाठी लागणारा माल कापडाच्या तुलनेत फार थोडा असतो. त्यामुळे तुती लावताना हिशेब आजही धाग्याच्या भावावरच मांडावा लागेल. प्रत्येक बॅचची नोंद ठेवण्याची सवय मात्र दोन्ही बाजारांत कामी येईल.