पहारा बसवणे आणि पहारा उठवणे

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या फोल्डरची यादी उघडी असावी, दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने त्या फोल्डरमध्ये नवी फाईल आणून ठेवावी आणि कोणी काही न सांगता यादीत तिचे नाव उमटावे, हा अनुभव आता इतका नित्याचा झाला आहे की यामागे कोणीतरी कोणाला तरी वर्दी दिलेली असते, हे सहसा ध्यानातही येत नाही. वर्दीची सोय नसती, तर यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला दर क्षणी फोल्डर उघडून पाहावे लागले असते. दार वाजले की काय, म्हणून दर मिनिटाला उठून पाहणाऱ्या माणसाची जी गत, तीच त्याची झाली असती. फाईलींच्या प्रती राखणारे, व्हायरस शोधणारे, दोन संगणकांवरील मजकूर जुळता ठेवणारे असे कितीतरी प्रोग्रॅम या वर्दीवरच चालतात. अँड्रॉइड फोनमध्येही आत लिनक्स असल्यामुळे तेथील व्यवस्थाही हीच आहे.

ही वर्दी देण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, असते. लिनक्स कर्नलमध्ये या कामाचा जो इतिहास घडला, तो मोठा उद्बोधक आहे. पहारा बसवणे हे काम तेथे कधीच फार अवघड ठरले नाही. अवघड ठरले ते बसवलेला पहारा सुखरूपपणे उठवणे.

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ या आवृत्तीत डीनोटिफाय नावाची सोय होती. ती अगदीच ओबडधोबड होती. पहारा फक्त डिरेक्टरीवर बसे, आणि आत काहीतरी बदलले एवढेच कळे. काय बदलले ते प्रोग्रॅमने स्वतः शोधावयाचे. शिवाय पहारा चालू असेतोवर ती डिरेक्टरी उघडी धरून ठेवावी लागे. त्यामुळे सीडी किंवा तत्सम काढता येण्याजोगी चकती मध्येच काढावयाची म्हटले, म्हणजे अनमाउंट करावयाची म्हटले, तर कर्नल ती वापरात असल्याचे सांगून नकार देई. जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांचे आयनोटिफाय ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ बरोबर आले, ते हीच गैरसोय दूर करण्यासाठी. त्यात प्रोग्रॅम एक वर्दीखाते उघडतो, ज्या ज्या फाईलवर लक्ष ठेवावयाचे तिचा मार्ग सांगतो, आणि प्रत्येक पहाऱ्यासाठी त्याला एक क्रमांक मिळतो. मार्ग फक्त एकदाच, फाईल शोधण्यापुरता वापरला जातो. त्यानंतर पहारा असतो तो फाईलच्या नावावर नव्हे, तर कर्नलच्या स्मृतीत त्या फाईलचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आयनोड नावाच्या वस्तूवर. आणि मुख्य म्हणजे, पहारा असला तरी चकती अनमाउंट करता येते. प्रोग्रॅमला तशी वर्दी मिळते आणि पहारा आपोआप संपतो. ही सवलत सोयीची खरी. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळही तिच्यातच आहे.

अडचण समजण्यासाठी एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची कल्पना करावी. ‘हे पुस्तक परत आले की मला कळवा’ अशी मागणी सभासद नोंदवतात. या मागण्या दोन वह्यांत लिहाव्या लागतात. पुस्तक परत आले की कोणाकोणाला कळवावयाचे, हे पाहण्यासाठी पुस्तकवार वही हवी. सभासदाने सभासदत्व सोडले की त्याच्या सगळ्या मागण्या रद्द करण्यासाठी सभासदवार वही हवी. एकच मागणी, पण नोंदी दोन. कर्नलमध्ये पुस्तकाच्या जागी आयनोड, सभासदाच्या जागी वर्दीखाते आणि मागणीच्या जागी पहारा असतो. आणि तेथेही प्रत्येक पहारा अशाच दोन याद्यांत ओवलेला असतो.

आता प्रत्येक वहीवर एका वेळी एकाच कारकुनाने हात ठेवावा, हा नियम ओघानेच येतो. कर्नलमध्ये अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करत असल्यामुळे प्रत्येक यादीला कुलूप असते. ज्याच्याकडे कुलूप, त्यानेच ती यादी बदलावी. परंतु एक कारकून फाटलेले पुस्तक बाद करावयास निघाला आणि दुसरा एका सभासदाचे खाते बंद करावयास निघाला, तर काय होईल? पहिल्याने पुस्तकवार वही धरली आहे आणि त्याला सभासदवार वही हवी आहे. दुसऱ्याचे नेमके उलटे. दोघेही सभ्यपणे एकमेकांची वाट पाहत राहतील, आणि वाचनालय बंद पडेल. यालाच डेडलॉक म्हणतात. यावरचा उपाय जुना आहे: दोन्ही वह्या लागणार असतील, तर सर्वांनी त्या एकाच क्रमाने हाती घ्याव्यात. पहिल्या आयनोटिफायमध्ये आधी आयनोडचे कुलूप आणि मग वर्दीखात्याचे, असा क्रम ठरला होता.

पण क्रम ठरला म्हणून काम सोपे झाले नाही. प्रोग्रॅम जेव्हा ‘अमुक क्रमांकाचा पहारा उठवा’ असे सांगतो, तेव्हा तो क्रमांक सापडतो वर्दीखात्याच्या यादीत. म्हणजे जे कुलूप नंतर घ्यावयाचे, ते आधी घेतल्याशिवाय कोणत्या आयनोडचे कुलूप घ्यावयाचे तेच कळत नाही! तेव्हा खात्याचे कुलूप घ्यावयाचे, पहारा शोधावयाचा, कुलूप सोडावयाचे, आणि मग योग्य क्रमाने दोन्ही पुन्हा घ्यावयाची, एवढाच मार्ग उरतो. या सोडण्याच्या आणि घेण्याच्या मधल्या फटीत जग बदलू शकते.

येथे कुलूप आणि आयुष्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे. नवखे लेखक, आणि कधीकधी अनुभवीही, यांची गल्लत करतात. कुलूप सांगते की या क्षणी वस्तूला हात कोणी लावावा. ती वस्तू पुढच्या क्षणी अस्तित्वात असेल की नाही, याची हमी कुलूप देत नाही. आणि कुलूप त्या वस्तूच्याच पोटात असेल, तर ते उघडण्यापूर्वीच वस्तू नाहीशी झालेली असू शकते. अस्तित्वाची हमी देण्यासाठी संदर्भगणती ठेवतात. ज्याला वस्तू हवी त्याने गणती एकाने वाढवावी, काम संपले की कमी करावी; गणती शून्यावर आली की वस्तू मोडीत काढून तिची स्मृती परत घ्यावी. मोडीत काढलेल्या वस्तूकडे कोणी बोट दाखवत राहिला, तर त्या जागी नंतर आलेल्या भलत्याच वस्तूवर तो काम करू लागतो, आणि ही चूक कर्नलमध्ये घडली तर सबंध यंत्र घातपाताला मोकळे होते.

२००८ मध्ये आयनोटिफायच्या बाबतीत नेमके हेच उघडकीस आले. पहारा उठवणे आणि अनमाउंट करणे ही दोन कामे एकाच वेळी चालली, तर त्यांच्यात शर्यत लागे. उठवणाऱ्याने कुलूप सोडण्यापूर्वी पहाऱ्याची संदर्भगणती वाढवली, तरी ते पुरेसे नव्हते. अनमाउंट करणारा आपल्या वाटेने पुढे निघून जाई, संपूर्ण फाईल सिस्टिमचे प्रतिनिधित्व करणारा सुपरब्लॉक मोडीत निघे, आणि त्याच्या आश्रयाने जगणारा एखादा आयनोड मात्र मागे कोणाच्या तरी हाती राही. घर पाडून झाले आणि भाडेकरू वरच्या मजल्यावर, असा प्रकार! यंत्रावर साधे खाते असलेल्या माणसाने ही शर्यत मुद्दाम घडवून आणली, तर त्याला आपल्या हक्कापलीकडचे अधिकार मिळण्याचा संभव होता, म्हणून सुरक्षेतील दोषांच्या यादीत याची रीतसर नोंद झाली.

अल विरो यांनी केलेली दुरुस्ती लिनक्स २.६.२८ मध्ये आली. तिची दिशा अशी: पहारा धरून उपयोग नाही, आयनोड धरूनही नाही, ज्याच्या आयुष्यावर बाकी सर्वांचे आयुष्य अवलंबून आहे तो सुपरब्लॉकच धरावा. तो धरता आला, तर काम होईपर्यंत अनमाउंट पुढे सरकू शकत नाही. पण अनमाउंट इतके पुढे गेले असेल की सुपरब्लॉक आता धरूच देत नाही, तर? मग त्याचे अनमाउंटचे कुलूप मिळेपर्यंत थांबावयाचे. बहुधा तोवर पहारा आपोआप संपलेला असतो. तथापि क्वचित हे कुलूप अनमाउंट करणाऱ्याच्या आधीच हाती येते. तेव्हा शोधलेला पहारा अजून तोच आहे का, हे त्याचा क्रमांक खात्यात पुन्हा पाहून पडताळावयाचे. कुलूप सोडण्यापूर्वी जे पाहिले, ते कुलूप पुन्हा घेतल्यावर खरे मानावयाचे नाही, हा धडा येथे अक्षरशः लिहिलेला आहे. दुरुस्ती बरोबर होती, पण सुबक म्हणता येण्यासारखी नव्हती. पहारा उठवण्यासारख्या क्षुल्लक कामास इतका द्राविडी प्राणायाम करावा लागतो, याचा अर्थ मूळ रचनाच चुकली आहे, असे कोणीही म्हणाले असते.

रचना पुढच्याच वर्षी बदलली. एरिक पॅरिस यांची एफएसनोटिफाय ही नवी व्यवस्था सप्टेंबर २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ बरोबर आली आणि डीनोटिफाय व आयनोटिफाय ही दोन्ही तिच्या पायावर पुन्हा बांधली गेली. नव्या रचनेत मरण दोन टप्प्यांत येते. प्रथम पहाऱ्यावर तो रद्द झाल्याची खूण होते. गणती शून्य झाल्यावर तो मोडीत निघतो. मधल्या काळात तो पाहता येतो, पण त्याच्या आधारे नवी वर्दी दिली जात नाही. आयनोड नाहीसा होत असेल, तर त्याच्या कुलपाखाली त्याचे सगळे पहारे, प्रत्येकाची गणती वाढवून, एका खासगी यादीत काढून घ्यावयाचे. मग कुलूप सोडून एकेकाचा निकाल लावावयाचा. दोन वह्या उलट क्रमाने धरण्याचा प्रसंगच मग येत नाही. आज तर कुलपांचा क्रम जुन्याच्या उलट आहे: आधी वर्दीखात्याचे, मग पहाऱ्याचे, शेवटी आयनोडच्या यादीचे. क्रम कोणता याला महत्त्व नसून तो सर्वांनी पाळण्याला आहे, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

वर्दी देण्याची बाजू मात्र निराळी. यंत्रावरील प्रत्येक फाईलचे प्रत्येक उघडणे, वाचणे, लिहिणे या वाटेने जाते. दर वेळी मोठे कुलूप घ्यावयाचे ठरवले, तर यंत्र रांगत चालेल. म्हणून तेथे एसआरसीयू नावाची युक्ती वापरतात. याद्या वाचणारे कुलूप न घेताच आत येतात. आत आल्याची खूण तेवढी करतात. यादीतून काढलेला पहारा लगेच मोडीत काढला जात नाही. तो काढला त्या वेळी जे जे आत होते, ते सगळे बाहेर पडले की मगच. नंतर आलेल्यांना तो दिसतच नाही, तेव्हा त्यांच्यासाठी थांबण्याचे कारण नसते.

या युक्तीची एक अट आहे: आत गेलेल्याने केव्हातरी बाहेर पडावे. २०११ च्या आरंभी वापरात आलेल्या फॅनोटिफायने ती अट मोडली. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमला त्यात ‘ही फाईल उघडू देऊ का?’ असे विचारण्याची सोय आहे, आणि उत्तर येईपर्यंत कर्नल थांबतो. हे थांबणे आत असतानाच होई. तो प्रोग्रॅम अडकून पडला तर आत गेलेला बाहेर येईना, बाहेर येईना म्हणून रद्द झालेले पहारे मोडीत निघेनात, आणि आपले वर्दीखाते बंद करू पाहणारे, व्हायरसशी काडीचाही संबंध नसलेले प्रोग्रॅम ताटकळत राहात. एका अडलेल्या माणसाने सबंध गाव अडवावे, तसे हे झाले.

यान कारा यांनी केलेली फेररचना जुलै २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ मध्ये आली. आयनोड आणि पहारे यांच्यामध्ये आता एक जोडणारी वस्तू आली, आणि पहारा यादीतून निघू लागला तो शेवटची गणती सुटल्यावर, रद्द होताक्षणी नव्हे. या लहानशा बदलात सगळे मर्म आहे. उत्तराची वाट पाहावयाची असेल, तर वाचणाऱ्याने समोरच्या पहाऱ्याची गणती वाढवावयाची, बाहेर पडावयाचे, हवा तितका वेळ थांबावयाचे, आणि परत आत येऊन त्याच पहाऱ्यापासून यादी पुढे वाचावयाची. पहारा आपल्या जागी असतोच, कारण त्याची गणती धरलेली आहे. गणती आधीच शून्य झाली असेल, तर ती पुन्हा वाढवता येत नाही. असा पहारा संपला असे समजून त्याच्यासाठी थांबावयाचेही नाही.

एक खर्च मात्र अजून उरतो. पहारा आयनोडला स्मृतीत जखडून ठेवतो. एरवी स्मृती अपुरी पडली की न वापरलेले आयनोड कर्नल काढून टाकतो. म्हणूनच एका वापरकर्त्याला किती पहारे बसवता येतील यावर मर्यादा असते. ती पूर्वी सहसा ८,१९२ असे. फेब्रुवारी २०२१ मधील लिनक्स ५.११ पासून ती यंत्राच्या स्मृतीच्या प्रमाणात ठरते आणि १०,४८,५७६ पर्यंत जाऊ शकते. २०२२ मधील लिनक्स ५.१९ मध्ये फॅनोटिफायला निराळाच पहारा मिळाला. तो आयनोडला धरून ठेवत नाही. आयनोड स्मृतीतून गेला की त्याच्याबरोबर जातो, आणि ज्या प्रोग्रॅमला तो पुन्हा हवा असेल त्याने तो नव्याने बसवावयाचा.